शेवटची कुपी

४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरा आहे म्हणता आणि ठेवता, म्हणून पत्र.

काकूच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींची आता एकच कुपी आमच्या प्रयोगशाळेत उरली आहे. संमतीच्या कागदावर काकूने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, की शेवटचं वापरण्याआधी ह्यांना विचारा, नाहीतर आठ दिवस फुगून बसतील आणि कशाबद्दल तेही सांगणार नाहीत. म्हणून विचारते.

आधीच्या कुपीवर जुनं औषध वापरलं. पेशी मेल्या, पण इतक्या गुपचूप, की शेजारी सोडलेल्या पहारेकरी पेशींनी मान वर करून पाहिलंही नाही. हीच पंचाईत आहे. गाठीतली पेशी गप्प मेली, तर शरीर तिला केरासारखं उचलतं आणि विसरतं. बोंब ठोकत मेली, तर पहारेकरी जागे होतात, तिचे तुकडे लढणाऱ्या पेशींना नेऊन दाखवतात, आणि त्या उरलेल्या गाठीवर तुटून पडतात. नवं औषध अशी बोंब ठोकायला लावेल असं वाटतंय.

वेळेवर जेवा. लोभ आहेच, तो दोन ओळींत तरी कळवा.

तुमची पुतणी

९ मार्च

चि. पोरी,
अ. उ. आ.

मी बरा आहे.

तुमचं काहीतरी चुकतंय. एकेचाळीस वर्षांत तुझ्या काकूला कपाटसुद्धा गुपचूप उघडता आलं नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा तपासा.

कुपी मात्र वापरू नये. त्याच पेशींनी तिला नेलं, हे मला कळतं. पण तिच्याकडून आला म्हणून मी तिचा भाऊसुद्धा सांभाळून घेतला. कुठेतरी तिचं काही जिवंत आहे, एवढ्यावर माझा दिवस जातो.

बाथरूमची कडी अडकते आहे. बघतो.

तब्येत सांभाळ. इकडची काळजी नको.

काका

१५ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठ्या तपासल्या. काकूच आहे.

तुमच्या मनाविरुद्ध कुपीला हात लावणार नाही. पण तिच्याशिवाय महिनाअखेर हे काम बंद होईल. नव्या औषधाची वाट बघणाऱ्या बायका मला वॉर्डात रोज भेटतात, त्यांना काय सांगू ते कळवा. आणि बर्फातली पेशी जिवंत असते खरी, पण काही करत नाही. काकूला असं बसलेलं कधी पाहिलंय तुम्ही?

कडीचं मनावर घ्या. रागावला असाल, तर निदान तसं लिहा.

तुमची पुतणी

२२ मार्च

चि. पोरी,
अ. उ. आ.

मंगळवारी सकाळी दहाला कडी अडकली. मी आत. ओरडणं बरं दिसेना, म्हणून तासभर नळावर हळूच टकटक केली. खालच्या शिंप्याचं मशीन चालूच. मग खोकून पाहिलं. पालथ्या बादलीवर बसून तुझे ते झोपलेले पहारेकरी आठवले, आणि ओरडलो.

हाक मारली ती तुझ्या काकूला, तिच्या नावाने. आयुष्यभर अगं म्हणूनच भागवलं होतं. एकदा तोंड उघडलं ते मिटेना. ती गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं.

शिंपी, त्याची बायको, समोरच्या मास्तरीणबाई, सगळे धावत आले. दार फोडलं. मला रडताना पाहून कुठे लागलंय म्हणून हातपाय चाचपू लागले. शिंपी म्हणाला, की वरून काही आवाज नाही म्हणजे काका सावरले, असंच आम्ही धरून चाललो होतो. त्याची बायको त्याच्यावर भडकली, की हे एवढ्या महिन्यांत वर जाऊन विचारता आलं नाही का. चहाला कप पुरेनात, तर ती खालून घेऊन आली. आता मंगळवारचा चहा ठरला आहे.

कुपी वापर. फक्त गप्प मेल्या असं कळवू नकोस. माझा विश्वास बसायचा नाही.

येऊन जा. दार सध्या नाहीच.

काका

२ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कुपी संपली. पहारेकऱ्यांची अशी झुंबड उडाली, की मोजणीचं यंत्र दोनदा थांबवून पुन्हा लावावं लागलं. प्रयोगशाळेच्या बशीतलं यश म्हणजे लगेच औषध नव्हे. पण काम पुढे चालू राहणार आहे.

या वेळी बाटलीवरची चिठ्ठी तपासायची कुणाला गरज वाटली नाही.

मंगळवारी येते. माझा कप मी आणते.

तुमची पुतणी