पेशीच्या दिवशीचं वरण

माय, तुझ्या खानावळीतून ठाण्याच्या कोठडीत अजून डबा जातो. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, खानावळ आता मी चालवते, शिपाई बदलले, साहेब बदलले, पण धरून आणलेल्या माणसाला दोन वेळचं जेवण लागतंच, आणि त्याचे सरकार जे पैसे देतं त्यात तेव्हाही भागत नव्हतं, आताही भागत नाही. गॅस येतो तर डाळ येत नाही. बिल मागायला गेलं की साहेब म्हणतात, वरून आलं नाही. तू कधी कुरकुरली नाहीस. म्हणजे कुरकुरायचीस, भांडी आपटायचीस, साहेबाच्या सात पिढ्या काढायचीस, पण डबा भरताना हात आखडला नाहीस.

मला सकाळपासून एकच दिवस आठवतो आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले होते आणि तुला मदत म्हणून कोठडीतल्या एकाचा डबा भरला होता. खाली भात, वर गरम वरण. तू चुलीपाशी भाकरी थापते आहेस. मान न वळवता विचारतेस, "आज पेशी हाय ना त्याची?" मी हो म्हणते. पेशी म्हणजे त्याला सकाळीच जीपमध्ये घालून तालुक्याच्या कोर्टात नेणार, डबा कोठडीबाहेरच्या टेबलावर पडून राहणार आणि तो परत येऊन खाईल तेव्हा चार वाजलेले असणार. त्यात आपल्याकडचा वैशाख. तू उठतेस आणि सगळं वरण म्हशीच्या घमेल्यात ओततेस. "चार वाजेपर्यंत हे आंबन. अन् भूक लागली राहीन तं तो आंबलेलंबी खाईन. मंग कोणाले सांगन वं तो? त्याचं कोण आयकन?" मग कोरडं बेसन, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून दिलास. दारात उभ्या शिपायासमोर मला बोललीस म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते. पेशीच्या दिवशी वरण पाठवायचं नाही, हे मात्र डोक्यात पक्कं बसलं.

काल पेशी होती. मी वरण पाठवलं.

आत्ता दुपार आहे. मी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. आत तो सलाईनवर आहे. वीस-बावीस वर्षांचा असेल, विहिरीवरची मोटार चोरली असा आळ आहे. कोठडीत एकटाच होता. काल संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, आज सकाळी शिपायांनी उचलून आणला. डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं. शिपाईही तेच म्हणतो. ऊन सगळ्यांच्याच सोयीचं आहे, माय. माझ्या तर सगळ्यात जास्त.

मघाशी त्याची आई शेजारी येऊन बसली. पिंपळगाव राजाहून मिळेल त्या गाडीने आली आहे. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमीच डबा देता ना माह्या पोराले?" वाटलं, हिला कळलं. मी कसंबसं हो म्हटलं, तर तिने माझा हात धरला. "मले आत जाऊ देत नाई. घरचा डबाबी घेत नाई. कोणी तरी बाई त्याले रांधून घालते, एवढ्यावर राह्यली मी." तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि विचारलं, काल त्याने काय खाल्लं होतं? मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "वरण-भात, साहेब. शिपाई सांगत होता. घरच्यावानी." डॉक्टरांनी मान हलवली आणि आत गेले.

तू विचारशील, विसरलीस का वं? विसरले असते तर बरं झालं असतं. शिपाई दारात येऊन म्हणाला होता, "काकू, डबा लवकर द्या, पेशी हाय." मला नीट ऐकू आलं होतं. आदल्या दिवशीचं वरण उरलं होतं. नव्याने बेसन करायचं तर तेल ओता, शेंगदाणे भाजा, आणि ते कुणासाठी, तर एका चोरासाठी, ज्याचं बिल दिवाळीपर्यंत निघेल की नाही कोण जाणे. हे असंच्या असं माझ्या मनात आलं. मी बोट बुडवून चाखलं. आंबूस लागलं. मग त्यात चिंचेचा कोळ घातला, लाल तिखटाची फोडणी दिली, खळखळ उकळलं आणि पुन्हा चाखलं. आंबटपणा आता चिंचेचाच वाटत होता. चांगलं जमलं, असंसुद्धा मला वाटलं.

तो गेला तर मला आत टाकतील, याची भीती वाटते. तो वाचला आणि बोलला तर, याचीही वाटते, आणि या दुसऱ्या भीतीची मला शिसारी येते. डॉक्टरांना चार शब्द सांगितले तर ते कदाचित औषध बदलतील. आधी मन घट्ट व्हावं म्हणून तुला लिहायला घेतलं, असं मी स्वतःला सांगते आहे. खरं म्हणजे तू कुणाला सांगू शकत नाहीस, म्हणून तुला सांगितलं. हे लिहीत असताना डॉक्टर दोनदा माझ्या समोरून गेले, आणि दोन्ही वेळा मी मान खाली घालून लिहीत राहिले.