ग्रहणातला विळा

आये, तुला सांगायचं राहिलंय ते त्या वासराचं. गाय गाभण होती. दिवाळीतल्या सकाळी ग्रहण लागलेलं, आपण सगळे दार लावून आत बसलेलो, अन् गाय भुकेनं हंबरत होती. तू उठलीस, विळा घेतलास आणि बांधावरचं गवत कापून आणलंस. आत्या ओरडली, "अगं, गिराणात गाभणीला कापलेलं घालतीस व्हय? वासरू वाकडं निपजंल!" तू म्हणालीस, "भुकेला काय गिराण कळतंय?" माघात गाय व्याली. वासराचे पुढचे दोन्ही पाय दुमडलेले, ओढूनही सरळ होईनात. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बोटानं चीक चाटवत बसलीयेस, अन् आत्या एक शब्द बोलत नाही. तेच तुला जास्त लागतंय. संध्याकाळी वासरू गेलं. तेव्हा माझ्या वाकड्या पावलाकडं बघत तू म्हणालीस, "तुझ्या टायमालाबी मी गिराणात भाजी चिरली व्हती गं." त्या पावलापायीच माझं लग्न अडलेलं. मला तुझा राग आला, आणि लगेच तुझी कीवही आली.

तू गेल्यावर काही वर्षांनी भावाच्या गाईला तसंच वासरू झालं. मंचरहून गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "ताई, गिराण-बिराण काय नाय. पावसाळ्यात गोठ्यात बारकी चिलटं असत्यात ना, ती चावली की विषाणू गाईच्या अंगात जातो. गाय वरून धडधाकट दिसते, पण पोटातल्या वासराचे सांधे आखडतात. असं वासरू बहुतेक त्यानंच व्हतं." म्हणजे आपल्या वासराचंही तू विळा धरायच्या आधीच घडून गेलं असणार! हसावं का रडावं, कळेना. मी विचारलं, "मग माझा पाय?" डॉक्टर म्हणाले, "माणसाचं मला नाय सांगता येणार. पण भाजी चिरून नाय, एवढं नक्की."

आता मी काय धरू अन् काय सोडू? इतकी वर्षं पाय ठणकला की मी तुझ्या त्या भाजीला बोल लावायचे. आता कुणाला लावू? चिलटावर काय राग धरायचा! तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणावं, तर ऐकायला तू नाहीस. हे लिहिलेलंही चुलीपलीकडं कुठं जायचं नाही. डॉक्टरांचं मला पटलंय, आये, लई पटलंय. पण परवा ग्रहण होतं अन् भावजय पोटुशी आहे. मी घरातले विळे, विळी, चाकू सगळे गोळा करून धान्याच्या कणगीत दडवले. गाय हंबरायला लागली तेव्हा मी उठले, बांधावर गेले, आणि हातानंच गवत उपटून तिला घातलं.