तात्यांच्या बागेची परवानगी

१३ नोव्हेंबर, हैद्राबाद

संगीचा फोन. अर्ज गेला! तात्यांनी सही केली, ती बी न कुरकुरता. फक्त म्हणले, "तुझ्या भावाला सांग, माणसांचे कार्यक्रम पाहिजेत. माकडं नाचवायची न्हाईत माझ्या बागंत."

तात्या मालक. आबा, माझा बाप, त्यांची बाग राखतो, मी रांगायचो तवापासून. आंबे, जांभळं, चिंचा, मधात मोकळं मैदान, कोपऱ्यात दगडी बारव. साखरा गावाच्या रस्त्यानं असली सावली दुसरी न्हाई. दसऱ्याला गावी गेलो तवा मीच तात्यांच्या डोक्यात घातलं. इथं मी ज्या गार्डनात मंडप बांधतो तिथं रोज काहीतरी. लग्न, साखरपुडा, भाषण. मग आपल्या बागंत काहून न्हाई? गावात लग्न निघालं की रस्त्यावर मांडव, एसटी अडकली की शिव्या. पण लोक जमवायचे म्हणजे सरकारची परवानगी लागते. आमच्या गावात हे कुणाला म्हाईत बी नव्हतं.

माझी सातवी. संगीची बारावी. वयानं धाकटी, कागदात थोरली.

दिवसभर कापड ताणलं. हात दुखले न्हाईत आज.

१७ नोव्हेंबर

गार्डनच्या हापिसात भिंतीवर परवानगीचा कागद काचेत लावलाय. फोटो काढून राहिलो होतो, तर मागून मल्लेश अण्णा. आमचा ठेकेदार.
"फोटो कायकू लेरा रे? नौकरी छोडके मालिक बनता क्या?"
खरं सांगितलं. वाटलं, आता हिशोब करून हाकलतो. तो तिथंच खुर्ची ओढून बसला अन् मलाच विचारायला लागला. आग लगे तो पब्लिक किधर से निकलेगी? गाडियां किधर रुकेंगी? बावडी खुली है क्या? बारवेला जाळी लागंल म्हणला. फाटकं दोन लागतील.

परक्या मुलखात असा माणूस भेटणं. देवाचं देणं, आणखी काय.

आबाला फोन केला. "दुसरं फाटक कशाला? एकातून चोर येत्यात ते पुरं न्हाई का?"

२५ नोव्हेंबर

सं. आज तालुक्याला. ग्रामपंचायतीचा ठराव झाला, सरपंच काकींनी स्वतः वाचून दाखवला. पोलिसांचं, आगीचं, वीजवाल्यांचं राहिलंय.
"तू तिथं झालरी बांध. मी इथं चपला झिजवते."
"नव्या घेतो तुला."
"चपला नको. तू ये."
मग मी रेंज गेली असं म्हणून ठेवला.

२ डिसेंबर

तात्यांचा स्वतःचा फोन. पहिल्यांदाच. उभं राहून बोललो.
त्यांची पोरं पुण्याला. ती म्हणतात, झाडं तोडा, जमीन साफ करा, हळद लावा. हळदीला भाव हाय. तात्या म्हणले, "गजू, पाडव्यापर्यंत थांबतो. कागद आला तर बाग तू चालव, मी मधात पडणार न्हाई. न्हाई आला तर हळद. मी काय झाडाला मिठी मारून बसणारा माणूस न्हाई."
"व्हय तात्या."
"अन् तुझा आवाज बारीक का येऊन राहिला? जेवत जा."

म्हणजे पाडवा. आला कागद तर गावी, आबासंगं, सावलीत. न्हाई तर इथंच दुसऱ्याच्या लग्नात शिडीवर. वाईट न्हाई इथं. पण

१५ डिसेंबर

हरकत आली. नामदेव मामांची. चुलत मामा, शेजारचं शेत.
लई राग आला. मग सं. नं सांगितलं ते ऐकून राग उतरला. हळद शिजवली की सगळं गाव बागेच्या मैदानात वाळत घालतं. माझ्या जन्माआधीपासून. दोन महिने मैदान पिवळं. मीच ते इसरलो. मंडप कुठं, स्टेज कुठं, सगळं डोक्यात मांडलं, अन् मामाची हळद कुठं ते मांडलंच न्हाई.
मामा सं. ला म्हणले, "मी इरोधात न्हाई गं. माझी हळद इरोधात हाय."
तिनं तिथंच लिहून दिलं, हळदीच्या दिवसांत कार्यक्रम न्हाई. तात्यांची सही. मामांनी हरकत मागं घेतली, वरून संगीला पेरू दिले.
बरं झालं हरकत आली. न्हाई तर मी गावालाच बागेबाहेर काढलं असतं.

११ जानेवारी

तपासणी लागली! तालुक्याचे साहेब १९ तारखेला जागा पाहायला येणार.
रजा न्हाई, मुहूर्त लागून हायेत इथं. आबाला तीनदा सांगितलं: झाडून ठेवा, बाकी काही करू नका. रिकामी जागा बघायची असते त्यांना.
"बरं."
आबाचं "बरं" मला पटत न्हाई कधी.

१९ जानेवारी

सकाळपासून आबा फोन उचलंना. सं. बी न्हाई. दुपारी शिडीवर असताना एका दोस्तानं फोटो टाकला. शिडीवरून उतरलो. बसलो खाली.

मंडप. लाल गालिचा. दोन भोंगे. फाटकावर बॅनर, साहेबांचं सहर्ष स्वागत. मागं चुलवणावर भाताचे डेग. सगळा गाव नवे कपडे घालून.

संध्याकाळी सं. नं सगळं सांगितलं. मधी मधी रडत होती, मधी मधी हसत होती. जीप आली. हलगी वाजली. साहेब उतरले, मंडप बघितला, भोंगे बघितले, माणसं बघितली.
"कार्यक्रम कशाचा आहे?"
सरपंच काकी शाल घेऊन पुढं. "तुमचाच, साहेब."
"याची परवानगी?"
कुणीतरी भोंगा बंद केला म्हणे. मग तात्या काठी टेकत उठले. "तीच द्यायला तर तुमाला बोलावलं."

साहेबांनी शाल घेतली न्हाई. जेवले न्हाईत. परवानगी मागितलेल्या जागी विनापरवाना कार्यक्रम, असा पंचनामा केला. संगतीच्या शिपायानं भोंग्याचं मशीन जीपमधी टाकलं. साहेब गेल्यावर गाव जेवलं. भात टाकून थोडाच द्यायचा.

२० जानेवारी

आबावर वरडलो. पयल्यांदा आयुष्यात.
तो शांत. "पाव्हणा पयल्यांदा दारात येऊन राहिला. त्याला झाडलेली जमीन दाखवू व्हय? नुसती?"
"व्हय! नुसती!"
"तू लई दिवस झाले बाहेर हायेस, गजू."

ठेवला फोन. मग कळलं, तांदूळ सगळ्या घरांतून आले होते. नामदेव मामांनी तेल दिलं. माझ्या कागदासाठी. शिव्या कुणाला देऊ?

२९ जानेवारी

नोटीस. तात्यांच्या नावानं एक अन् दुसरी माझ्या. माझ्या काहून? तर बॅनरवर खालच्या कोपऱ्यात माझा फोटो होता. चौथीतला, शाळेच्या कार्डावरचा, मोठा केलेला. खाली "आयोजक". गावात न्हाई म्हणून काय झालं, डोकं तर त्याचंच, असं सरपंच काकी म्हणल्या म्हणे.
६ फेब्रुवारीला तालुक्याच्या हापिसात हजर राहून खुलासा द्यायचा. न्हाई तर अर्ज निकाली. अर्ज गेला की पाडव्याची वाट बघायचं बी कारण न्हाई.

३१ जानेवारी

अण्णापुढं उभा राहिलो. भर हंगामात रजा. बॅनरचं सांगितलं तवा इतका हसला की ठसका लागला.
"तेरे गांव वाले इन्स्पेक्शन कू बारात समझे!"
मग गंभीर झाला. "जा. सच बोल. झूट का मंडप पहली हवा में बैठता."
जाताना गोदामातल्या दोन लाल बादल्या दिल्या, आगीसाठी वाळू भरून ठेवायच्या. त्यातच कपडे भरले. आठ्या न पाडता रजा देणारा मालक अन् वरून बादल्या! त्याच्या लेकराबाळाचं भलं होवो.

४ फेब्रुवारी, गाव

गाडीनं पूर्णा, तिथून हिंगोली. डब्यात सगळे बादल्यांकडं बघत होते. एकानं विचारलं, "आग लागलीय का कुठं?" म्हणलं, व्हय, गावात.

बागंत गेलो. आंब्याला मोहोर, वास नुसता. बॅनर काढलेला. गाव माझ्याशी बोलंना, लाजून. ज्यानं त्यानं मान खाली घालून "कवा आला?" इतकंच. आबानं हाताला धरून मागच्या कुंपणाकडं नेलं. दुसरं फाटक! बाभळीचं, रुंद, बैलगाडी जाईल असं. कवा केलं? तर पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी. मी वरडून फोन ठेवला त्याच दिवशी.
त्याच्या पाया पडलो. "हां हां, बादल्या कुठं ठेवू ते सांग," म्हणला.

६ फेब्रुवारी

गेलो. तात्या, आबा, सं., मी. आबानं पिशवीत नारळ आणला होता. संगीनं तो बाहेर रसवंतीवाल्याकडं ठेवायला लावला.

साहेब वयानं जास्त न्हाईत. चष्मा. आवाज हळू.
"आयोजक तुम्ही?"
"व्हय साहेब."
"कार्यक्रमाला होता का?"
"न्हाई. हैद्राबादला शिडीवर होतो."
"मग आयोजक कसे?"
"गावानं मायेनं नाव टाकलं. नाव माझं हाय तर चूक बी माझी. त्यांना वाटलं पाव्हणे आले. रिकामं पाठवायची आमच्याकडं रीत न्हाई."
तात्या खाकरले. मी भ्यालो. पण ते एवढंच म्हणले, "पोरगं खरं बोलून राहिलं."

साहेब कागद चाळत बसले. मग म्हणले, "मी त्या दिवशी बाग बघायला आलो होतो. मला बाग दिसलीच नाही. माणसंच दिसली. गाड्या रस्त्यावर, लेकरं बारवेच्या काठावर."
माझी मान खाली. अण्णानं पयल्याच दिवशी सांगितलेलं ते.
"पुन्हा येईन. रिकामी दाखवा."
"कवा, साहेब?" आबानं विचारलं.
"सांगणार नाही."

भोंग्याचं मशीन लिहून घेऊन परत दिलं. अर्ज जिवंत हाय. बाहेर येऊन रसवंतीवर चौघांनी रस पिला. तात्यांनी पाजला. नारळ आबा तिथंच इसरला, परत पळाला आणायला.

८ फेब्रुवारी

बारवेला जाळी. तात्यांनी लोखंड आणलं, नामदेव मामांचा पोरगा वेल्डिंग करतो, त्यानं केली. हात लावायला निम्मं गाव. मीच म्हणलं, गर्दी करू नका, साहेब आले तर परत कार्यक्रम वाटंल. सगळे पळाले. मग दोघं दोघं येऊन काम करून गेले. गाड्या थांबायची जागा चुन्यानं आखली.

सगळ्यांनी ठरवलंय, जीप दिसली की घरात बसायचं. सरपंच काकींनी दवंडी द्यायची म्हणलं. म्हणलं, काकी, दवंडी बी नको!

१२ फेब्रुवारी

अजून न्हाई. अण्णाचा फोन. "आरा के नै?" म्हणलं, दो दिन और. "तेरी जगा शिडी पे मैं चढू क्या?" पण ठेवताना म्हणला, "बाल्टियां भरे क्या रेती से?" भरल्या अण्णा.

आबा रोज एकच. "चहा तरी?"
"न्हाई."
"पाणी?"
"आबा!"

१४ फेब्रुवारी

आले. मोटरसायकलवर, एकटे. ऊन तापलेलं. गाव खरंच घरात. खिडक्यांतून डोळे.

मागच्या फाटकातून शिरले. तेच पयल्यांदा बघितलं असावं. जाळी हालवून बघितली. चुन्याच्या रेघा पायानं मोजल्या. बादलीत हात घालून वाळू बघितली. आमी तिघं आंब्याखाली उभे, आबा, सं. अन् मी. आबाच्या हाताची चुळबुळ चाललेली. त्याला धरून ठेवल्यासारखा उभा होतो.

फेरी झाली. साहेबांनी रुमालानं मान पुसली. "पाणी मिळेल का?"

आबानं माझ्याकडं बघितलं. मी संगीकडं.
संगी म्हणली, "पाण्याला परवानगी लागते का, साहेब?"

मेलो असं वाटलं. साहेब हसले का न्हाई ते कळलं न्हाई, चष्म्यावर ऊन होतं. आबा पळाला. तांब्या घेऊन आला, अन् ताटलीत गुळाचा खडा. गूळ! म्हणलं, गेलं सगळं. साहेबांनी गूळ तोंडात टाकला, तांब्याभर पाणी पिले.
"हळद वाळायला कधी टाकतात इथं?"
"येत्या आठवड्यात," मी म्हणलं. "मग दोन महिने काही न्हाई. लिहून दिलंय."
"वाचलंय. कळवतो."
गेले.

'कळवतो' म्हणजे काय, यावर पारावर अजून वाद चालू हाय. मामा म्हणतात व्हय. तात्या म्हणतात सरकारी 'कळवतो' म्हणजे पाऊस, आला तर आला. आबाचं म्हणणं, गूळ खाल्ला ना? मग.

मला म्हाईत न्हाई. उद्याची गाडी हाय, अण्णाला शब्द दिलाय. पाडव्याला अजून अवकाश. पण आज एक माणूस आमच्या बागंत शांत हिंडला, सावलीला थांबला, पाणी पिला. तो काही बी लिहो. नामदेव मामा आत्ताच विचारून गेले, मैदान मोकळं हाय का.

म्हणलं, टाका मामा हळद.