डोळ्याचं मूळ आजोळी

पारनेर
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामांना हर्षलचा पाया पडून नमस्कार.

इकडं सगळे बरे. बाजरी निघाली. शेळी व्याली, दोन्ही करडं काळीभोर. पत्र बघून हसू नका. फोनवर तुम्ही "बरं, ठिव आता" म्हणून ठेवता, मग माझं निम्मं तोंडातच राहतं.

मधी कुठं होतो विचाराल, तर शिंगणापूरला रसवंतीवर. तिथून यात्रेतल्या आकाशपाळण्यावाल्यांबरोबर गेलो, पाळणा जोडायला. वर बसून नट आवळताना लई लांबचं दिसतं, मामा. पण मला दिसेना. उजवा डोळा परत लाल, उजेड सोसवेना, खाली सगळं धुक्यात. ही तिसरी खेप. घाबरलो. आईला न सांगता नगरला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

बाईंनी डोळा बघितला आणि विचारलं, "सकाळी पाठ आखडते का?" मला वाटलं, दुसऱ्याच पेशंटला विचारताहेत. म्हणलं, आखडते की. चाललं की मोकळी होते, बसलं की परत धरते, शाळेत असल्यापासून.

"म्हणून शाळेत बसत नव्हतास का रे?" बाई हसल्या. मीही हसलो. तुम्ही मला भिंगरी म्हणायचात ते आठवलं.

मग म्हणाल्या, घरात कुणाची पाठ वाकलेली होती? मला एकदम तुमचे वडील आठवले. आबांना मागून हाक मारली की मान वळायची नाही, अख्खे आबाच वळायचे, बैलगाडी वळावी तसे. आम्ही पोरं मुद्दाम मागून हाका मारायचो.

बाईंनी रक्त तपासलं. समजलं तेवढं लिहितो. आपल्या अंगात रोगाशी भांडणारी राखण असते. काही घरांत रक्तातूनच एक खूण येते, आणि ती असली की ही राखण कधीकधी घरच्यालाच चोर समजते. राखणीचं कुत्रं मालकालाच चावावं तसं. कुणाची पाठ धरते, कुणाचा डोळा. खूण असली म्हणजे आजार होतोच असं नाही. मला ती आईकडून आली असावी, आणि आई बघा, ठणठणीत.

तुमच्याकडं वेल्डिंगला असतानाच डोळा पहिल्यांदा लाल झाला होता, म्हणून वेल्डिंगनं झालंय का, हे मी दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, त्या झगमगाटानं डोळे एक-दोन दिवस जळतात, हा आजार वेगळा. आणि तुमच्या नागापूरच्या शेडमध्ये मी काच लावूनच काम करत होतो की. तुम्हीच शिव्या घालून लावायला लावत होतात.

थेंब चालू आहेत. डोळा निवळला. काल एसटीची पाटी लांबूनच वाचली! परत येऊ शकतं, पण लाल झाला की त्याच दिवशी पळायचं, म्हणजे नजर राहते.

आता आईचं. लिहू का नको, असं करत इथवर आलो. दोन भाऊबिजा झाल्या, "माझ्या लेकराचा डोळा जाळला त्यानं," याच्यापुढं ती तुमच्याबद्दल बोलत नाही. आणि तुम्हीही कधी "मी न्हाई" म्हणाला नाहीत.

काल तिला सगळं सांगितलं. भाकरी थापत होती, हात थांबले. "आबांचंच व्हय रं हे?" तव्यावरची करपली तरी तिचं लक्ष नाही. मग खाली बघूनच म्हणाली, "बन्सीला इचार. सकाळी त्याची पाठ धरती का?"

तुमचं नाव घेतलं, मामा.

मामी सांगतात, तुम्ही पहाटेच उठून अंगणात येरझाऱ्या घालता. आणि मागच्या महिन्यात तुमचा डोळा लाल होता, मेडिकलमधून बाटली आणून तीच घालताय. ती बाटली फेका. आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, आबांचं सगळं सांगा. मग इकडं या.

आईनं आज निरांजन घासून ठेवलंय. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गप ऱ्हा."

दोन्ही डोळ्यांनी तुमची वाट बघणारी,
तुमची भिंगरी,
हर्षल