डुकराजवळ लावलेली गाडी

प्रिय लॉनी,

सावकाश वाच. घाई नाही. चूल पेटव, कॉफी घे, कुत्र्याला पायाशी बसव आणि मगच पुढची ओळ धर. आणि हे पत्र चार्लीनच्या हाती लागू देऊ नकोस. लागलं तर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ते पाठ असेल.

मागच्या मे महिन्यात प्राणीबागेतल्या जिराफांच्या माचीवर उभा राहून तू मला एक गोष्ट विचारलीस. मी उत्तर दिलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस, रुसलाही नाहीस. माझ्या अंगणातलं गवत कापत राहिलास. उत्तर मी आज देणार आहे. पण त्याआधी तो दिवस माझ्या बाजूनं कसा गेला ते तुला कळायला हवं. तुला तो अर्धाच ठाऊक आहे.

आठवतं ना, चर्चच्या जेवणात त्या बागेच्या तिकिटाच्या सोडतीत माझं नाव निघालं. चार्लीन माईकवरून ओरडली, "वांडा, दोघांचं तिकीट आहे हं! एकटी गेलीस तर अर्धं फुकट जाईल." तू मागच्या टेबलावरून तोंडात घास असतानाच म्हणालास, "त्या अर्ध्यात मी मावेन का?" सगळे हसले. माझे कान तापले. माझा नवरा रसेल गेल्यापासून माझ्यासाठी कुणी असं चारचौघांत काही बोललं नव्हतं. आणि त्या शनिवारी तू न्यायला आलास तेव्हा अंगात नवा शर्ट होता, दुकानातल्या घड्या तशाच. इस्त्री करायची असते हे तुला सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. तुझी बायको इर्मा होती तेव्हा तुझी कॉलर कधी अशी नसायची. त्या घड्या बघूनच मी निम्मी पाघळले होते.

गाडी लावताना मी टोपी शोधत होते, म्हणून तुला म्हटलं, "कुठे लावली ते लक्षात ठेव." तू म्हणालास, "डुकराजवळ." तिथे गाड्या लावायच्या प्रत्येक पट्ट्याला एकेका प्राण्याचं नाव होतं, खांबावर पाटी होती. मी मान डोलावली. फाटकाशी नकाशा मिळाला, तो तू न उघडता माझ्याकडे दिलास. "चष्मा गाडीत राहिला." तुझा चष्मा नेहमीच गाडीत राहायचा. हॉटेलात, बँकेत, चर्चमध्ये भजनाचं पुस्तक हाती आलं की. तोवर मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच आलं नाही. मग शेळ्यांच्या वाड्यात त्या चितकबऱ्या बोकडानं माझ्या हातातला नकाशा ओढून चावून खाल्ला, आणि तू इतका खूश झालास, की जणू तुझंच काम त्यानं केलं. "बरं झालं," म्हणालास, "आता पाय नेतील तिकडे जाऊ." मला वाटलं, काय मजेचा माणूस आहे!

जिराफाला लेट्यूसचं पान भरवताना त्यानं ती लांब काळी जीभ काढून पानासकट तुझी टोपी चाटली. तू टोपी पँटला पुसत, माझ्याकडे न बघता म्हणालास, "वांडा, यापुढेही दोघांचंच तिकीट काढायचं का?" मी हो म्हणणार होते, लॉनी. खरंच. तोंड उघडलं होतं. पण तूच घाबरलास. "आलोच," म्हणून शौचालयाकडे पळालास. तिथल्या दारांवर कुणा शहाण्यानं पुरुष-बायका असं लिहायचं सोडून एकीकडे 'कोंबडे' आणि दुसरीकडे 'कोंबड्या' लिहिलं होतं. चित्र नाही, नुसती अक्षरं. तू सरळ कोंबड्यांत शिरलास. आतून एक बाई कडाडली, "अहो आजोबा, कुणाच्या खुराड्यात घुसताय!" तू लालेलाल होऊन बाहेर आलास. आजूबाजूचे हसत होते. मी हसले नाही.

जेवायला गेलो तेव्हा फळ्यावरच्या एका पदार्थावर बोट ठेवून तू म्हणालास, "हे द्या." आली वाटीभर तिखट मिरची-राजमा. मिरचीनं तुझं पोट जळतं हे तूच मला सांगितलं होतंस. तरी तू सगळी वाटी संपवलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी समोर बसून तुला न्याहाळत होते आणि मनात एकेक गोष्ट जोडत होते. चष्मा विसरतो. दार चुकतो. आपल्याला काय सोसत नाही तेही विसरतो.

रसेलचं असंच सुरू झालं होतं. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तो आजारी होता एवढंच तुला माहीत आहे. पशुखाद्याच्या दुकानासमोर लावलेली गाडी त्याला सापडली नाही, आणि तो चालत घरी आला, गाडी होती हेच विसरून. आम्ही दोघंही हसलो होतो तेव्हा. मग बूट फ्रिजमध्ये सापडले. मग नावं गेली. शेवटच्या हिवाळ्यात तो मला 'मॅडम' म्हणायचा. सूप भरवलं की अदबीनं आभार मानायचा, जशी मी कुणी परकी नर्स आहे. मी त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे. त्याला काही कळत नसे, पण माझा आवाज थांबला की तो कासावीस व्हायचा, म्हणून घसा बसेपर्यंत वाचायचे. त्याची आठवण येत नाही असा दिवस जात नाही, आणि तसा जावा असं मला वाटतही नाही. पण त्याला मातीत ठेवून परतताना मी ठरवलं होतं, हे पुन्हा नाही. जीव लावलेल्या माणसानं आपल्याला हळूहळू पुसून टाकायचं, हे मला दुसऱ्यांदा झेपणार नाही. म्हणून त्या दुपारी तू फिरत्या चक्रातल्या लाकडी शहामृगावर बसून मला हात करत होतास, आणि मी खाली उभी राहून तुला नाही कसं म्हणायचं ते जुळवत होते.

संध्याकाळी गाडी सापडेना. डुकराजवळ लावली म्हणालास, म्हणून आपण रानडुकराच्या पाटीखाली गेलो. गाडी नव्हती. "इथेच होतं ते डुक्कर," तू म्हणत राहिलास. पटांगण रिकामं होत चाललं होतं. बागेत काम करणारी ती बॅटरीच्या गाडीवरची बाई आली. "बसा हो. इथे रोज कुणाचा तरी नवरा गाडी हरवतो." मी म्हटलं, "नवरा नाही माझा." किती तोडून म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं. तू ते ऐकलंस.

आणि मग तुझी ती लाल गाडी दिसली. वर पाटी, पाटीवर डुकरासारखाच जाडजूड प्राणी, फक्त नाक लोंबतं. खाली मोठ्या अक्षरांत नाव. मी म्हटलं, "हा टपीर आहे, लॉनी." बाई म्हणाली, "टेपर म्हणतात हो त्याला." मी आठवीत शाळा सोडलेली. निम्मे शब्द मला पुस्तकातच भेटले, त्यांचा उच्चार कुणाकडून ऐकणार? ती गेल्यावर मी तुला म्हटलं, "एवढं ढळढळीत लिहिलंय, तू वाचलं नाहीस?" तू खिशातून चष्मा काढलास. दिवसभर तो तुझ्या खिशातच होता. तो हातात फिरवत म्हणालास, "वाचता येत नाही मला, वांडा. कधीच आलं नाही. इर्मा वाचायची सगळं. मला ते डुक्कर दिसलं, म्हणून डुक्कर."

आणि मी हसले. मोठ्यानं, गाडीच्या दाराला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तू मान खाली घातलीस. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली, तू "असू दे" म्हणालास, पण ते हसू तुला कुठे लागलं ते मला दिसलं होतं. आता ऐक, मी का हसले. तू काही विसरला नव्हतास! दार, जेवण, गाडी, काहीच नाही. तुझं डोकं जागेवर होतं. नुसती अक्षरं येत नव्हती, आणि अक्षरं शिकवता येतात. छातीवरचा धोंडा असा अचानक उतरला, की माणूस रडतो किंवा हसतो. मी दोन्ही केलं. तुला हसूच दिसलं.

हे मी तुला तोंडानं केव्हाही सांगू शकले असते. पण तू वाचनालयातल्या अक्षरं शिकवणाऱ्या त्या वर्गात, पोरांच्या खुर्चीत गुडघे दुमडून बसायला लागलास, आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर बोट ठेवून एकेक शब्द सोडवायला लागलास, तेव्हाच मी ठरवलं, उत्तर लिहूनच द्यायचं. परवा दुकानाच्या दारावरचं 'कुत्र्यांना आत आणू नये' तू भर रस्त्यात मोठ्यानं वाचलंस, आणि मग कुत्र्याकडे वळून "माफ कर गड्या" म्हणालास, तेव्हा कळलं की वेळ झाली. इर्मा नाही, चार्लीन नाही, मीसुद्धा नाही. आयुष्यात निदान एक पत्र तुला कुणी वाचून दाखवलेलं नसावं, तू स्वतः वाचलेलं असावं. ते हे. मेमध्ये ती बाग पुन्हा उघडेल. गाडी कुठे लावली ते या वेळी पाटीवर वाचून मला सांग. आणि लॉनी, तिकीट दोघांचंच काढ. यापुढे नेहमीच.

तुझीच,
वांडा