खाऱ्या पाण्याच्या तलावापाशी

यान्या, बाळा,

आपलं हॉटेल आता ओळखू येत नाही. आजोबांच्या काळी ते कामगारांचं विश्रामगृह होतं, युद्धात आम्हा निर्वासितांना तिथे ठेवलं, आणि समुद्राकडच्या ज्या खोलीत तू जन्मलीस तिथे आता कॅसिनोतली रूलेटची टेबलं आहेत. खाली गरम खाऱ्या पाण्याचा तलाव झालाय. मी तिथेच टॉवेल देते.

काल तो आला, ज्याच्याबरोबर तू बुडापेस्टला गेलीस तो रादोमिर. सोबत दुसरीच मुलगी होती.

"माझी यान्या कुठे आहे रे?"

"ती हिवाळ्यातच निघून गेली, मावशी. तुमच्याकडे नाही आली?"

"नाही."

तो खोटं बोलत नव्हता. बोलत असता, तर गचांडी धरून तुझा पत्ता तरी काढला असता.

त्या मुलीने टॉवेल मागितला. तुझ्याच वयाची असेल. 'घरी जा गं' म्हणणार होते, पण मॅनेजर बघत होता. मुकाट्याने टॉवेल दिला.

हे पत्र कुठे टाकू, कळत नाही. तू अवचित येशील म्हणून मी दाराला कडी लावत नसे. काल लावली.

तुझी,
आई