एमआरआयचं मशीन बिघडलं त्याची हकीकत

वाघोली, पुणे

तीर्थस्वरूप सोजरअक्का हिस धाकट्या नागोरावचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक म्हणावं तर खोटं होईल, म्हणून म्हणत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवून तिलाच हात जोडतेस? फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस आणि माझं दुखणं सगळ्या गल्लीला कळतं. पत्र निदान एकटा जयसिंग वाचून दाखवेल. (जयसिंग, बाळा, मधले शब्द गाळू नकोस. मामाचं अक्षर चांगलं आहे.)

तर माझा डावा पाय. तो हल्ली माझं ऐकतच नाही. स्वारगेटला बसमध्ये चढताना चप्पल गळून पडली, ते मला पुढच्या स्टॉपवर कळलं; तेही शेजारच्या बाईंनी ‘काका, एकच चप्पल घालायची फॅशन आलीये का?’ असं विचारल्यावर. (पुण्यात मदतसुद्धा टोमण्यातूनच मिळते.) डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तो सोसायटीतल्या प्रत्येकाने ट्यूबलाइटसमोर धरून आपापलं निदान केलं. चेअरमननी तर मणक्यात फटही दाखवली, मग कळलं की फिल्म उलटी धरली होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, यात हाडं दिसतात, दबलेली नस दिसत नाही; एमआरआय करा, त्याशिवाय ऑपरेशनचं ठरवता येणार नाही, आणि फार उशीर केलात तर पाऊल कायमचं लुळं पडेल. हे त्यांनी चहा मागवावा इतक्या सहज सांगितलं.

आमच्या विश्वजीतने खराडीच्या ऑफिसात बसून मोबाइलवर माझी वेळ ठरवली आणि मुलाचं कर्तव्य संपवलं. गेलो मी आणि तुझी भावजय. तिथे साईनाथ नावाचा टेक्निशियन. अंगठी काढा, घड्याळ काढा, पट्टा काढा म्हणाला, काढलं. मग म्हणाला, करदोडा काढा. अक्का, वडिलांनी बांधलेला चांदीचा करदोडा! जिवंत माणसाची कंबर मोकळी ठेवत नाहीत, हे या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही, एवढं शाळेत शिकलोय. तो म्हणाला, ‘काका, अडकवायचा आकडाही चांदीचाच आहे का? तापला तर भाजेल.’ आमची हुज्जत चालली होती तेवढ्यात तुझी भावजय बाहेर जाऊन काळा दोरा घेऊन आली. आधी नवा बांधला, मग जुना सोडला, क्षणभरही कंबर रिकामी राहू दिली नाही. हे सगळं मी त्यांचा तो मागून उघडा झगा घालून उभा असताना. (त्याचं वर्णन जयसिंगने वाचण्यासारखं नाही.)

मग मला फळीवर निजवलं, कानावर हेडफोन लावले आणि हातात रबरी फुगा दिला. काही वाटलं तर दाबा म्हणे. फळी मशीनच्या नळीत सरकली आणि आवाज सुरू झाला. रस्ते तर आमच्या दारातही रोज खोदतात, पण ते निदान डोक्याच्या बाहेर. मी फुगा दाबला, एसी फार आहे म्हणालो. ब्लँकेट आलं. पुन्हा आत, पुन्हा फुगा, नाकाला खाज. तिसऱ्यांदा मात्र मी स्पष्टच सांगितलं की मशीन बिघडलंय, जळका वास येतोय. एवढं ऐकलं आणि तुझ्या भावजयीने सगळ्यांदेखत साईनाथला फैलावर घेतलं: ‘माणसं भाजायला आणता का हो इथे? आधी मशीन दुरुस्त करा, मग बोर्ड लावा!’ दोन पेशंट घाबरून उठून गेले. साईनाथने माझ्या मुठीतला फुगा सोडवून घेतला. तर असं हे आमचं पुणं. एवढं मोठं शहर, पण एक मशीन धड नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
नागोराव

ता. क. जयसिंग, इथे थांब. पत्र आईच्या हातात दे आणि जा, म्हशीला पाणी दाखव.

अक्का, आता चष्मा लाव. मशीनला काहीही झालेलं नाही. छत नाकाशी आलं आणि मला आपल्या घरातलं, भिंतीतलं बळद आठवलं. तळाची ज्वारी ओढायला मला त्यात घालायचे, अंधारात जीव गुदमरायचा, आणि तू बाहेर माझ्या पायाचा अंगठा धरून बसायचीस. मला भीती वाटते गं. पाय जाईल याची वाटते आणि त्या नळीची त्याहून जास्त वाटते, याचीच लाज वाटते. निघताना साईनाथ हळूच म्हणाला, ‘काका, घरचं कुणी पायाशी बसलेलं चालतं. अंगावर धातू नको, एवढंच.’ तुझ्या भावजयीला कसं नेऊ? ती माझ्यासाठी एवढी भांडली, तिला आता खरं कोणत्या तोंडाने सांगू? येत्या सोमवारची वेळ मी गुपचूप घेतली आहे. तू रविवारी ये. कुणी विचारलं तर लोणचं द्यायला आले म्हण. (आणि खरंच आण.)

ता. क. दुसरा. जोडवी काढून ये. मंगळसूत्राऐवजी दोऱ्यात ओवलेली काळी पोत घाल. आधी पोत घाल, मग मंगळसूत्र काढ. काचेच्या बांगड्या चालतात, मी विचारून ठेवलंय. तिथे ‘घाबरलास का रे?’ असं ओरडू नकोस, नुसता अंगठा धर. आणि उजवा धर, अक्का. डावा धरलास तर मला कळायचं नाही.